रिठ्याचा फुगा

१

सकाळी गॅरेज उघडलं की पहिलं काम म्हणजे नवाबिणीच्या अंगावरचं तरट काढायचं. नवाबीण म्हणजे दिनकरराव वकिलांची गाडी. लांबलचक, परदेशी, पिस्त्याच्या रंगाची. हैदराबादच्या कुण्या नवाबाच्या कोठीतून त्यांनी ती लिलावात आणली होती. परभणीत तशी दुसरी नव्हती. जिंतूर रोडवरून ती निघाली की सायकलवाले पाय टेकून उभे राहायचे. तिच्या पोटात गार हवेचं मशीन होतं आणि ते बिघडलं होतं, म्हणून होळीच्या आधीपासून ती आमच्या पत्र्याखाली उभी होती.

गार मशीनचं काम दादाचं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, सूर्यभान. बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढता ओढता तो हे काम शिकला. मी चौथीतून शाळा सोडली ती त्याला पाने उचलून द्यायला. वडील लहानपणीच गेले, तेव्हा घरात आम्ही तिघंच. दादा, मी आणि माय.

नवाबिणीच्या मशीनची नळी सोडून ठेवून दादा नांदेडला गॅसची टाकी आणायला गेला. येताना चुडाव्याजवळ टेम्पो उलटला. वरून काही लागलं नव्हतं. मागून आलेल्या ट्रकमधून तो स्वतः उतरला, टाकी खांद्यावरून आणून कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाला, "चंदर, डोकं जरा गरगरायलंय. बाज टाक." सावली गाडीच्या तोंडापाशी होती, म्हणून बाज तिथंच टाकली. त्याचं डोकं उघड्या बॉनेटखाली, सुटलेल्या नळीपाशी आलं. शेजारचा पंक्चरवाला बन्सीधर रिक्षा आणायला पळाला. रिक्षा आली तोवर दादा झोपल्यासारखा झाला होता, श्वास थांबला होता.

त्यानंतर मी बॉनेट लावून टाकलं. टाकीला हात लावला नाही. दोन महिने ट्रॅक्टरची आणि लुनांची कामं करत होतो, नवाबिणीवर रोज तरट घालत होतो आणि काढत होतो.

वैशाखात दिनकरराव छत्री घेऊन आले. पानाचा तोबरा, हसरं तोंड. आले की सगळ्यांना आधी चहा पाजणारा माणूस. पण त्या दिवशी ते छत्री न मिटताच पत्र्याखाली उभे राहिले.

"चंदर, पोरीचं लग्न ठरलंय बघ. सोनपेठचे पाहुणे. नवरा-नवरी नवाबिणीतनंच जायची, असं मी सगळीकडं बोलून बसलोय."

"चांगलं झालं, साहेब."

"गाडी चालती का नुस्ती?"

"पळती की."

"पण उन्हाळा असा हाय की नवरी सोनपेठला पोचेस्तोवर भाजून निघंल. म्हणून म्हणलं, राग मानू नको, औरंगाबादचा एक माणूस हाय—"

"मी करतो," मी म्हणालो.

"तू?"

"दादाचं काम हाय. दुसऱ्याचा हात लागू देणार न्हाई."

तोंडातून गेलं ते गेलं. दिनकररावांनी छत्री मिटली आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी पुढं गेलो. "झालं तर मंग! चहा सांगा रे!"

ते गेल्यावर बन्सीधर ट्यूब घासता घासता म्हणाला, "लेका, तुला ह्या मशीनमधलं काय येतं?"

"दादा करायचा ते सगळं बघितलंय."

"मी बी डॉक्टरला बघितलंय. सुई टोचू का तुला?"

मला हसू आलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

२

दादाची गळती शोधायची रीत त्याची स्वतःची होती. साबणाचा फेस आमच्याकडच्या उन्हात लावता लावता वाळून जातो. म्हणून तो रिठे उकळून त्याचा फेस करायचा. रिठ्याचा फेस दाट असतो, टिकतो. नळीत पंपानं हवा भरायची, जोडावर फेस लावायचा. गळती असेल तिथं फुगा येतो. माय लुगडी धुवायला रिठे आणायची, त्यातले निम्मे दादा पळवायचा. त्यावरून रोज भांडण.

मी रिठे मागितले. मायनं चुलीवर पातेलं ठेवलं, उकळलं, स्वतः घुसळून फेस काढून दिला. म्हणाली, "त्याला असा दाट लागायचा."

सोडलेली नळी मी जागेवर बसवली, आवळली. बन्सीधरच्या पायपंपानं हवा भरली. मग एकेका जोडावर ब्रशनं फेस लावत गेलो. पहिले जोड गप्प. दादानं जी नळी सोडली होती, तिच्या जोडावर फेस लावला आणि तिथं सुपारीएवढा फुगा आला.

"सापडली!" मी ओरडलो. बन्सीधर पान्यासकट पळत आला. आम्ही दोघं त्या फुग्याकडं असं बघत होतो, जणू कोंबडीनं पहिलं अंडं घातलंय.

"फुटंना का पण?" बन्सीधर म्हणाला.

गळतीचा फुगा वाढतो आणि फुटतो. हा वाढला, लिंबाएवढा झाला, आणि मग बसला. सावकाश, परत आत. नळीनं तो ओढून घेतल्यासारखा. जरा वेळ नुसता फेस. मग पुन्हा वर आला.

"उन्हानं हवा फुगायली असंल," मी म्हणालो.

"असंल," बन्सीधर म्हणाला. गिऱ्हाइकानं हाक मारली म्हणून तो गेला.

मी तिथंच बसलो. उन्हानं हवा फुगते हे खरं. पण उन्हानं फुगलेली हवा अशी दर वेळी सारख्या अंतरानं फुगत नाही. आणि भरलेली हवा मी सोडून दिली, तोटी उघडी केली, आत काही उरलं नाही असं मीटरची सुई सांगू लागली, तरी फुगा चालूच. वर यायचा, खाली जायचा. खाली जाताना मध्येच जरा अडायचा, आणि मग उरलेला जायचा.

मी जन्मापासून दादाच्या शेजारी झोपलोय. त्याचा श्वास असाच होता. सोडता सोडता मध्येच अडायचा, आणि मग उरलेला सुटायचा. लहानपणी मी अंधारात तो अडला की वाट बघत राहायचो.

मी नळीवर हात ठेवला. बाहेर पत्रा तापून कडकडत होता. नळी गार होती.

३

आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत. बावीस प्रतिज्ञांची तसबीर दारासमोर लावलेली आहे. कुणी बाहेरची बाधा म्हणालं की माय त्याला उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. दादाचं पुण्यानुमोदन झालं, वंदना झाली, लोक जेवून गेले. कावळ्याची वाट कुणी बघितली नाही. गॅरेजच्या भिंतीवर नामांतराची घोषणा आहे, ती दादानं पोरवयात रंगवलेली. असल्या घरातला मी. मग नळीत भाऊ आहे असं मी कसं म्हणणार? मी म्हणालोच नाही. मला फक्त बरं वाटत होतं. सकाळी उठल्यावर गॅरेजला जायची घाई व्हायची. मी शीळ घालत तरट काढायचो.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी आतली जाळी बघायला गाडीत शिरलो. इंजिन बंद. गॅस नाही. मशीनचा पट्टासुद्धा चढवलेला नव्हता. भर दुपारी बंद गाडीत बसणं म्हणजे भट्टीत बसणं. पण दार लावलं आणि समोरच्या जाळीतून गार वारा आला. जोराचा नाही. माठाशेजारी बसल्यावर येतो तसा.

मी हसत सुटलो. एकटाच, स्टेअरिंगवर हात आपटत.

थोड्या वेळानं काचांवर धुकं आलं. आतून. पावसाळ्यात एसटी भरली की तिच्या काचा अशा होतात, माणसांच्या श्वासानं. मी बोटानं पुसलं, ते पुन्हा आलं. मी एकटा होतो. एका माणसाच्या श्वासानं एवढ्या मोठ्या गाडीच्या सगळ्या काचा, अगदी मागचीसुद्धा, आंधळ्या होतात का? गारव्यामुळं होत असतील, असं मी ठरवलं.

बन्सीधरनं काच ठोठावली. "जिता हाईस का? मेल्या, उकडून मरशील!"

"आत ये."

तो शिवी देत आत आला, दार लावलं, आणि त्याची शिवी मध्येच थांबली. मग त्याचं तोंड हळूहळू असं पसरलं की मला सगळे दात दिसले.

"आरं तिच्या मायला! गार हाय की रे! तू केलंस?"

"केलं."

"आन् मी तुला सुई टोचायला निघालो होतो!" त्यानं मागं टेकून पाय लांब केले. "मला जावई करून घ्या म्हणावं दिनकररावांना. मी इथंच राहतो."

त्याला तिथंच झोप लागली. तो घोरत होता, मी बाहेर येऊन कामाला लागलो. गिऱ्हाईक आलं तेव्हा त्याला उठवलं. तो उतरला, आळस दिला, आणि लोकांच्या अंगावर विनोद फेकत पंक्चर काढायला बसला. दिवसभर मजेत होता. संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, त्याचा सदरा कोरडा होता. उन्हात, टायर उचलून, घामाचा टिपूस नाही.

"गार हवा लय पौष्टिक असती," तो म्हणाला.

४

दुपारची भाकरी घेऊन माय यायची. दादा गेल्यापासून ती डबा ठेवायची आणि मागं न बघता परत जायची. गाडीच्या तोंडापाशी ज्या जागेवर बाज होती, तिथून वळसा घालून.

त्या दिवशी मी तिचा हात धरला. "माय, बस ना जरा आत."

"मी? वकिलाच्या गाडीत? मालक बघंल ना."

"मालकच म्हणला, बसा."

खोटं बोललो. ती अंगाभोवती पदर घट्ट ओढून मागच्या सीटवर बसली, टोकावर, अंग चोरून. मी दार लावलं आणि बाहेरून बघत राहिलो. काच पांढरी झाली.  मग आतून हसण्याचा आवाज आला.

मायचं हसणं मी विसरलो होतो. ती हसते तेव्हा आधी नाकातून हवा सोडते, आवरायचा प्रयत्न करते, आणि मग आवरत नाही. दादा तिला असं हसवायचा. रिठ्यांवरून भांडताना शेवट असा व्हायचा.

ती उतरली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. माझ्या गालावर हात फिरवून म्हणाली, "लय चांगलं काम केलंस, बाळा." हात गार होता. "उद्या जरा लवकर येते."

मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी दोन लुनांचं काम फुकट करून दिलं.

५

मग ती रोज यायची. आधी भाकरी घेऊन. नंतर भाकरी विसरून. "आज केलीच न्हाई बघ, भूकच नव्हती," म्हणायची आणि सरळ गाडीकडं जायची. वळसा घालणं बंद झालं होतं. सकाळी यायची, उन्हं उतरल्यावर उतरायची. घरी जाताना गुणगुणायची. गल्लीतल्या बायका मला थांबवून सांगायच्या, केशरबाई सावरली बरं का, चांगलं झालं.

मीही तेच म्हणत होतो. पण घरातला माठ भरलेला तसाच राहू लागला. आम्ही दोघं उन्हाळ्यात एक माठ दिवसाला संपवतो. आता मी एकटाच पीत होतो.

"माय, पाणी पे."

"तहान न्हाई रे."

"सकाळपासून कायबी न्हाई पेलीस."

"न्हाई लागत तर काय करू? तू काम कर तुझं."

तिच्या कपाळावर, गळ्यावर घाम नव्हता. पत्र्याखाली आम्ही बाकीचे निथळत होतो, आणि ती कोरडी, हसरी, गार. झोपेत मी तिच्या हातावर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला.

इकडं फुगा मोठा होऊ लागला होता. आधी लिंबाएवढा, मग मोसंबीएवढा. रिठ्याचा फेस कितीही दाट असला तरी एवढा फुगा धरत नाही. पण हा फुटत नव्हता.

लग्न जवळ आलं. दिनकरराव रोज चक्कर मारायचे. "काय म्हणती आमची नवाबीण?" काम तसं फारसं उरलं नव्हतं. जोड नवा बसवायचा, पट्टा चढवायचा आणि गॅस भरायचा. पण गॅस भरायच्या आधी एक काम करावं लागतं. दादा ते कधी चुकवायचा नाही. पंप लावून आतली सगळी हवा ओढून काढायची. मीटरची सुई पार खाली जाईपर्यंत. आत हवा राहिली तर मशीन कधीच नीट चालत नाही. त्याचं वाक्य होतं, "आत काय बी ठेवायचं न्हाई. आपला श्वास बी न्हाई."

तेवढ्यासाठी मी थांबलो होतो. रोज म्हणायचो, उद्या.

बन्सीधरनं गाडीत बसणं सोडलं होतं. मी विचारलं, कामून रे? तो टायरकडं बघत म्हणाला, "जागा पुरंना." आणि हसला. मला वाटलं, माय बसते म्हणून म्हणतोय.

६

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मी मायला जेवायला हाक मारली. ती उतरली नाही. काच नेहमीसारखी पांढरी होती. पण वरच्या कडेला बोटभर जागा स्वच्छ राहिली होती, तिथून मी आत डोळा लावला.

माय मागच्या सीटवर होती. दाराला अगदी खेटून. पदर गोळा करून मांडीवर घेतलेला, गुडघे जुळवलेले, एक खांदा काचेला दाबलेला. भरलेल्या एसटीत चौथ्या माणसाला जागा दिल्यावर बाई बसते, तशी. नवाबिणीची मागची सीट बाजेएवढी रुंद आहे.

ती मान वळवून ऐकत होती, मान हलवत होती, हसत होती.

तिच्या शेजारी कुणी नव्हतं. फक्त सीटचं कातडं खाली दबलेलं होतं. एका जागी नाही. पलीकडच्या दारापर्यंत, एकाला लागून एक. आणि ते दबलेलं कातडं जरासं वर यायचं, खाली जायचं. वर यायचं, खाली जायचं. सगळं एकदम नाही. ज्याचं त्याचं, वेगवेगळ्या वेळी.

पुढच्या सीटचंही तसंच.

आता जागा मायच्याच खालची राहिली होती.

मी दार उघडलं. माय माझ्याकडं बघून म्हणाली, "दार लाव, गारवा जातो." आवाज आनंदी होता. ओठ निळसर होते. मी तिच्या काखेत हात घालून तिला उचललं. तिला वजन राहिलं नव्हतं. ती मला चापट्या मारू लागली, लहान पोरासारखी.

"सोड की रे! आत्ता तर बसलेय! सोड!"

तिला मी बन्सीधरच्या दुकानासमोर भर उन्हात बाजेवर बसवलं. "हिला धरून बस," मी बन्सीधरला ओरडलो. "सोडू नको. आन् मला एक ट्यूब दे. ट्रकची."

"ट्यूब कशाला?"

"हवा धरायला."

"हवा तर मी फुकट देतो, ती धरतोस कशाला?" असं तो म्हणाला खरा, पण माझं तोंड बघून ट्यूब फेकली.

७

आमचा पंप म्हणजे जुन्या फ्रीजचं मशीन, दादानं उलटं करून बसवलेलं. एका तोंडानं ओढतं, दुसऱ्या तोंडानं बाहेर फेकतं. ओढायचं तोंड मी नवाबिणीला लावलं. फेकायच्या तोंडावर ट्यूबची नळी चढवून तारेनं आवळली. दादाला रस्त्यावर सोडून द्यायची माझी तयारी नव्हती. बाकी कुणी असोत, ते जाऊ देत. दादाची हवा मी ट्यूबमध्ये धरून घरी नेणार होतो. आढ्याला टांगणार होतो. तेव्हा मला ते अगदी बरोबर वाटत होतं.

बटण दाबलं. पंप गुरगुरला. गळका जोड बदलून मी नवा बसवला होता, त्यावर लावलेला फेस शांत राहिला. ट्यूब हळूहळू उठू लागली. नवाबिणीच्या सगळ्या नळ्यांतली हवा गोळा केली तरी सायकलची ट्यूब भरणार नाही. ट्रकची ट्यूब भरली. तट्ट झाली. सुई जागची हलली नव्हती.

ट्यूबवर मी कान ठेवला. रबर गार होतं. आत श्वास चालू होते. एकात एक मिसळलेले, जलद, सावकाश, म्हाताऱ्याचे, लेकराचे, घरघरणारे. मी डोळे मिटून ऐकत राहिलो. एक होता, सोडता सोडता अडणारा. होता. खूप आत, कडेला. मी तेवढाच ऐकायचा प्रयत्न केला. पण त्याला वेगळा काढता येईना. ट्यूबला तोंड एकच असतं.

बाजेवरून माय उठायची धडपड करत होती. बन्सीधर म्हणत होता, "मावशी, बसा ओ, तुमचं पोरगं काम करायलंय." तिचे हात पांढरे पडले होते.

मी तार सोडली. ट्यूब काढून तिचं तोंड पंपाच्या तोंडाशेजारी मोकळं धरलं. पंपाच्या तोंडासमोर गुडघ्यावर बसलो आणि तोंड पुढं केलं.

वारा आला. गार, लांब, संपता संपेना. त्यात मला न ओळखणारे किती होते कोण जाणे, गेले माझ्या गालावरून. आणि मग तंबाखूचा, बर्फाच्या लादीवरच्या भुश्शाचा वास आला. वारा अडला. मी वाट बघितली. मग उरलेला सुटला.

त्यानंतर पंपातून आली ती नुसती हवा. तेलकट, गरम. सुई खाली जाऊन टेकली.

मी दादाची टाकी उचलली, जोडली, तोटी उघडली. गॅस नळीत शिरताना सळसळला. पट्टा चढवला, इंजिन चालू केलं. जाळीतून बर्फासारखी हवा आली. कोरडी, वास नसलेली. मशीनची.

बन्सीधर ओरडला, "चंदर! मावशींना घाम फुटला रे!"

८

लग्न दणक्यात झालं. दिनकररावांनी नवाबिणीला झेंडूच्या माळा घातल्या, बॉनेटवर हळदीचा हात उमटवला आणि सगळ्या मांडवासमोर माझा हात धरून ओरडले, "हा बघा आमचा मेकॅनिक!" मला नवा सदरा दिला, तो दोन माणसं मावतील एवढा होता. नवरी रडत रडत गाडीत बसली आणि आत गेल्या गेल्या किंचाळली, "अगं बाई, गार!" रडणाऱ्या बायका हसू लागल्या. नवऱ्यानं उगाच काच वर-खाली करून दाखवली. बँडवाले घामानं भिजलेले वाजवत होते, आणि सोनपेठच्या पाहुण्यांतला एक म्हातारा खिडकीत डोकं घालून म्हणाला, "मलाबी लग्न करायचंय." गाडी निघाली. तिच्या काचा शेवटपर्यंत स्वच्छ होत्या. मी लांबपर्यंत बघत राहिलो.

पंगतीत माय माझ्या शेजारी बसली. बुंदी दोनदा घेतली. वरणात भात कालवताना तिच्या कपाळावरून घाम निथळत होता, तो पुसायलाही ती थांबली नाही. बन्सीधर वाढायला उभा होता, तो तिच्या पत्रावळीवर पुरीवर पुरी टाकत होता आणि ती "बास, बास" म्हणत खात होती. इतक्या आनंदानं मी कुणाकडं बघितल्याचं मला आठवत नाही.

जेवण झाल्यावर आम्ही मांडवाच्या मागं, पाण्याच्या पिंपाशी सावलीत बसलो. बँड दुसरीकडं गेला होता. मी तांब्या भरून तिला दिला. तिनं तो वरून घटाघटा संपवला, अंगावर सांडला, आणि परत पुढं केला.

मी तोवर विचारलं नव्हतं. आमच्या घरात असलं विचारत नाहीत.

"माय, आत दादा होता का?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. "व्हता."

"आन् बाकीचे? ते कोण होते?"

ती पिंपाच्या तोटीखाली ओल्या झालेल्या जमिनीकडं बघत राहिली.

"तो माझ्या शेजारी बसला व्हता," ती म्हणाली. "मला त्यांचा धक्का लागू देत नव्हता. आधी हसवायचा. मंग रोज एकच बोलायला लागला. माय, उतर. माय, खाली उतर."

"मंग तू उतरली कामून न्हाईस?"

मायनं माझ्याकडं असं बघितलं, जणू इतकी साधी गोष्ट मला कळू नये.

"आरं, लेकरू बोलायलंय म्हणल्यावर उतरू कशी?"